जुना टीव्ही खड्ड्यात का नको : थोडा मागचा इतिहास



मागच्या महिन्यात आमच्या गावात महिला ग्रामसभा झाली. एक विषय कचऱ्याच्या खड्ड्याचा होता. गायरानाच्या वरच्या अंगाला, ओढ्यापासून दीड-दोनशे पावलांवर जेसीबीने खड्डा काढायचा, गावचा सगळा कचरा त्यात टाकायचा आणि भरत आला की वर मुरूम पसरायचा. आम्ही साऱ्याजणी हो म्हणायच्या बेतात होतो. रस्त्यावरची घाण जाणार म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमचा डबा टीव्ही पण त्यातच टाकायचा का?"

सगळ्या हसल्या. काकूंचा टीव्ही आठ वर्षांपासून गोठ्यात पडलाय, त्यावर कोंबड्या बसतात. भंगारवाला दोनदा आला, मागची तांब्याची गुंडाळी तेवढी द्या म्हणाला, काच नको म्हणाला. त्या काचेचं काय करायचं, एवढाच काकूंचा प्रश्न होता. सरपंचबाई ग्रामसेवकांकडे बघू लागल्या, ग्रामसेवक कागदात बघू लागले. आमच्याकडेही उत्तर नव्हतं. खड्ड्याचा ठराव पुढच्या सभेवर गेला आणि "तोवर गटाने माहिती काढावी" असं आमच्याच गळ्यात पडलं.

मग आम्ही चौघीजणी बसलो. पुस्तकं बघितली, तालुक्याच्या गावच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे दोन दुपारी घालवल्या, कायदा वाचला. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो. विषय टीव्हीचा असला तरी सुरुवात उकिरड्यापासून करावी लागेल.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण झाली, कारण आपल्या उकिरड्यात जे जाई ते कुजत असे. शेण, राख, खरकटं, पालापाचोळा. वर्षाने उकरलं की खत. जे कुजणारं नव्हतं ते उकिरड्यापर्यंत पोहोचतच नव्हतं, मधेच कोणीतरी ते घेई. जुन्या लुगड्यावर बोहारीण भांडं देई. फुटकी घागर तांबट वितळवून पुन्हा घडवी. पत्र्याच्या डब्याचा दिवा होई, चिंध्यांची वाकळ होई.

आणि एक होते झारेकरी. आजच्या मुलींना हा शब्द माहीत नसेल. सोनाराच्या दुकानातली झाडलोट, शेगडीतली राख, दुकानापुढच्या गटारातला गाळ हे लोक विकत घेत आणि पाण्यात धूत. माती वाहून जाई, जड कण तळाला राहत. त्यात पारा घातला की सोन्याचे बारीक कण पाऱ्याला धरून बसत. मग तो गोळा तापवायचा, पारा उडून जातो, सोनं उरतं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये या लोकांची नोंद आहे. कचऱ्यातून सोनं काढायची विद्या परदेशातून आली, असं कुणी सांगितलं तर झारेकऱ्यांची आठवण द्यावी. मात्र तापवताना उडालेला पारा कोणाच्या छातीत जात होता, हे त्या काळी कोणी विचारलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आता यंत्रांकडे येऊ. २३ जुलै १९२७ ला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं. वाचताना आम्हाला एक गंमत सापडली. मुंबईचा कचरा वर्षानुवर्षं जिथे टाकला गेला ते देवनारचं डम्पिंग ग्राउंडही १९२७ सालचंच. एकाच शहरात एकाच वर्षी रेडिओ बोलू लागला आणि कचऱ्याचा डोंगर वाढायला लागला. तेव्हा एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता. रेडिओ ही काही टाकायची वस्तू नव्हती. आमच्यातल्या एकीच्या आजोबांकडे लाकडी पेटीचा रेडिओ होता. त्याचं लायसन्स काढावं लागे, दरसाल पोस्टात पैसे भरावे लागत. बिघडला की बैलगाडीत गवतावर ठेवून तालुक्याला न्यायचा. दुरुस्तीवाला मागचं फळकूट उघडायचा, जळालेला एक भाग काढायचा, दुसरा बसवायचा, डाख द्यायचा, झालं. तो रेडिओ चाळीस वर्षं वाजला.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत टीव्ही आला. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल फोन कोलकात्याहून दिल्लीला लागला. नंतर काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे. सपाट टीव्ही आले, डबे गोठ्यात गेले. मोबाइल दोन-तीन वर्षांत बदलू लागले. तालुक्याचा दुरुस्तीवाला आम्हाला म्हणाला, "ताई, आता भाग मिळत नाही, मिळाला तर नव्या वस्तूच्या निम्म्या किमतीचा. लोक म्हणतात नवीनच घेतो." त्याच्या दुकानाच्या मागे माळ्यापर्यंत डबे रचलेले आहेत. नेणारं कोणी नाही.

तर त्या डब्यात आहे काय? पुढची जी जाड काच, जिला पिक्चर ट्यूब म्हणतात, ती साधी काच नाही. तिच्या मागच्या नरसाळ्यासारख्या भागात शिसं मिसळलेलं असतं, आणि तेही चिमूटभर नाही. आकाराप्रमाणे एकेका ट्यूबमध्ये किलो-दोन किलो शिसं भरतं. ते का घातलं याची एक गोष्ट आहे. ट्यूबमध्ये विजेचा मोठा दाब असतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात, दवाखान्यात फोटो काढतात तेच. १९६७ साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या रंगीत टीव्हींतून हे किरण प्रमाणाबाहेर बाहेर पडतात असं आढळलं. खूप गाजावाजा झाला, पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला. क्ष-किरण अडवायला शिशासारखं दुसरं स्वस्त काही नाही. म्हणजे शिसं घातलं ते बघणाऱ्याच्या भल्यासाठीच. टीव्ही चालू असेपर्यंत ते काचेत बंद राहतं, आपल्याला काही करत नाही. तेव्हा घरात डबा टीव्ही असला तर घाबरू नका. टीव्ही मेल्यावर त्या शिशाचं काय, हा विचार मात्र पुढची तीस वर्षं जवळपास कोणी केला नाही.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला स्वयंपाकघरात मिळालं. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की काय होतं? कळकतं. आंबट पाण्याने धातू सोडवून घेतला, म्हणून ते खाऊ नये असं आपल्या सासवांनी सांगितलं. खड्ड्यात तेच होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. खरकटं, भाजीचा देठ, फळांच्या साली दाबून ठेवल्या, हवा नाही लागली, की त्या आंबतात. वरून पावसाचं पाणी मुरतं. हे आंबट काळं पाणी खाली उतरताना वाटेत भेटेल त्या धातूला कळकवत जातं आणि घेऊन खाली जातं. काच फुटलेली असली तर आणखी सोपं.

हे नुसतं आमचं अनुमान नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात टीव्ही आणि संगणकांच्या फोडलेल्या ट्यूबा अशाच आंबट पाण्यात घोळवून पाहिल्या. तिथल्या सरकारने ठरवलेली हद्द एका लिटरमागे ५ मिलिग्रॅम शिशाची. रंगीत ट्यूबांच्या पाण्यात सरासरी साडेअठरा निघालं. हा अभ्यास २००० साली छापून आला. त्याच वर्षी एप्रिलपासून मॅसॅच्युसेट्स राज्याने टीव्हीच्या ट्यूबा कचऱ्याच्या खड्ड्यात पुरायला बंदी केली, तसं करणारं ते तिथलं पहिलं राज्य. खरं बोलायचं तर तिथले खड्डे म्हणजे आपल्यासारखे जेसीबीने ओरबाडलेले नव्हेत. तळाला चिकणमाती, तिच्यावर जाड प्लास्टिकचा कागद, पाणी गोळा करायला नळ्या. अशा खड्ड्यातून शिसं लगेच बाहेर येत नाही, असंही काही जाणकार म्हणतात. त्या खड्ड्यांतही नको म्हणाले, आणि आपण मुरमाच्या उघड्या खड्ड्यात टाकायला निघालो होतो, ओढ्याच्या वर.

कचऱ्याच्या पाण्याने काय होतं ते बघायला अमेरिकेला जायला नको. पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावं आहेत. शहराचा कचरा अनेक वर्षं तिथे नेऊन टाकला. विहिरींचं पाणी खराब झालं, बायकांना टँकरपुढे रांगा लावाव्या लागल्या, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आंदोलनं केली. तो सगळा कचरा काही टीव्हीचा नव्हता, घरचाच होता. पण पाणी एकदा बिघडलं की ते कशाने बिघडलं हे निवडत बसता येत नाही. आणि देवनार? जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली. दिवसच्या दिवस ती धुमसत होती, धुराने शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तो धूर अवकाशातल्या उपग्रहालाही दिसला. पुरलं म्हणजे मिटलं असं होत नाही.

मग मोठ्या देशांनी काय केलं? बंदी तर केली, पण वस्तू तर होत्याच. त्यांनी जे केलं ते ऐकलं की आपल्या गावातल्या एका जुन्या खोडीची आठवण येते, आपला केर शेजाऱ्याच्या दारात लोटायची.

हे टीव्हीच्याही आधी सुरू झालं होतं. १९८६ साली फिलाडेल्फिया शहरातून खियान सी नावाचं जहाज निघालं. पोटात कचरा जाळून उरलेली सुमारे चौदा हजार टन राख. बहामाने घेतली नाही, आणखी कितीतरी देशांनी घेतली नाही. हैती या गरीब देशात खत आहे असं सांगून सुमारे चार हजार टन किनाऱ्यावर ओतली आणि जहाज रात्री पसार झालं. मग नाव बदललं, फेलिशिया. मग पुन्हा बदललं, पेलिकानो. शेवटी सापडलं तेव्हा पोट रिकामं होतं. राख समुद्रात टाकली होती. हैतीच्या किनाऱ्यावरची राख परत अमेरिकेत जायला २००० साल उजाडलं.

१९८८ मध्ये नायजेरियातल्या कोको या बंदराच्या गावी दुसरी गोष्ट उघडकीला आली. तिथल्या एका माणसाने महिना शंभर डॉलर भाड्याने आपलं आवार दिलं होतं. इटलीहून आलेली हजारो पिंपं त्यात ठेवली होती, बांधकामाचं सामान म्हणून. पिंपांत होतं कारखान्यांचं विष. शंभर डॉलर म्हणजे त्या माणसाला चांगले पैसे वाटले असणार. आमच्या गटातल्या एका बाईने हे ऐकून लगेच विचारलं, "त्याच्या घरच्यांना कोणी विचारलं होतं का?" तिची स्वतःची गायरानालगत अर्धा एकर आहे, म्हणून तिचा जीव तिकडे ओढला.

या दोन प्रकरणांनी जगभर संताप झाला आणि १९८९ च्या मार्चमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात करार झाला : विषारी कचरा दुसऱ्या देशात पाठवायचा तर त्या देशाला आधी सांगायचं, त्याने हो म्हटलं तरच पाठवायचं. १९९२ पासून करार लागू झाला, त्याच वर्षी भारतही सामील झाला. चांगलं झालं. पण पळवाट राहिली. कचरा म्हणू नका, "जुनी पण चालू वस्तू" म्हणा, दानधर्म म्हणा. जुने संगणक या नावाखाली जहाजं भरून आशिया-आफ्रिकेत येत राहिली.

त्यांतली पुष्कळशी चीनमधल्या ग्वीयू नावाच्या गावाकडे गेली. मूळचा भातशेतीचा मुलूख. नदी होती, पण पुरात बुडणारी जमीन, उत्पन्न कमी, म्हणून लोक भंगाराच्या धंद्यात होतेच. १९९० नंतर तिथे संगणक येऊ लागले. घरोघर अंगणात चुली. चुलीवर तवा, तव्यावर संगणकातली हिरवी पट्टी भाजायची, डाख वितळला की चिमट्याने बारीक भाग उचलायचे. उरलेली पट्टी नदीकाठी तेजाबात बुडवून सोनं काढायचं आणि तेजाब नदीत सोडायचं. वायरी जाळून तांबं. चुलीपाशी बसणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या, पोरं शेजारीच खेळत. काही वर्षांत विहिरीचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, पाणी बाहेरून गाडीने विकत आणायची वेळ आली. २००२ साली परदेशी कार्यकर्त्यांनी अहवाल छापला तेव्हा जगाला हे गाव कळलं.

त्यानंतर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाने मुलांचं रक्त तपासलं. सहा वर्षांच्या आतली ग्वीयूची १६५ मुलं. त्यांतल्या १३५ मुलांच्या रक्तात त्या काळी धोक्याची मानलेल्या पातळीपेक्षा जास्त शिसं निघालं. जिथे हा धंदा नव्हता अशा शेजारच्या गावातल्या मुलांत ते प्रमाण बरंच कमी होतं. हा अभ्यास २००७ साली छापला गेला. शिसं मुलाच्या मेंदूची वाढ खुंटवतं, आणि गरोदर बाईच्या शरीरातलं शिसं वारेतून पोटातल्या बाळापर्यंत जातं. मुलाने किती शिसं घेतलेलं चालेल, याचं उत्तर जागतिक आरोग्य संघटना देते ते असं : सुरक्षित म्हणावी अशी पातळीच सापडलेली नाही.

आपल्या देशातही ग्वीयू आहेत. दिल्लीतलं सीलमपूर. उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद, पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध शहर. पितळेचा धंदा मंदावला तसं धातू ओळखणारे हात संगणकाच्या पट्ट्या जाळू लागले, रामगंगेच्या काठी काळी राख पसरली. झारेकऱ्याचीच विद्या ही, कण हेरायची, धुवायची, तापवायची. फरक एवढाच की सोनाराच्या राखेत शिसं, कॅडमियम आणि प्लास्टिक नसायचं.

इथपर्यंत आलो आणि आम्हा चौघींची थोडी पंचाईत झाली. आम्ही सुरुवात केली होती "खड्डा नको, पुनर्वापर हवा" या एका वाक्याने. पण ग्वीयूत चाललं होतं त्यालाही पुनर्वापरच म्हणत होते. आणि तेच आमच्या गावातही चालतं. पाणंदीच्या कडेला, शाळेच्या मागे वायरी जाळल्याचे काळे डाग आहेत. जळून उरलेलं तांबं किलोवर विकलं की हप्त्याला आधार होतो. हे कोण करतं ते आम्हाला माहीत आहे, आमच्याच दोन गटांतल्या बाया आहेत. एकीने तर वर्षभर कर्जाचा एक हप्ता चुकवला नाही तो त्या तांब्यावर. आम्ही त्यांचं कौतुक केलं होतं मासिक बैठकीत, टाळ्या वाजवल्या होत्या. हप्ता कुठून आला हे विचारलं नव्हतं. वायरीवरचं प्लास्टिक उघड्यावर जळलं की जो धूर निघतो तो चुलीच्या धुरासारखा नसतो, त्यातली विषं अंगात साठून राहतात. आता त्या दोघींना काय तोंडाने सांगायचं, की बंद करा? म्हणून आम्ही हे भाषण लिहिण्याआधी त्यांच्याच ओसरीवर जाऊन बसलो. एक म्हणाली, "ताई, न जाळता सोललं तर चालेल का? वेळ लागतो, पण भावही जास्त येतो सोललेल्याला." हे आम्हाला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. तालुक्यात विचारून आलो. खरंच, न जळलेल्या चकचकीत तांब्याला भाव जास्त आहे.

मग चांगला पुनर्वापर म्हणजे कसा? त्याचं एक उदाहरण तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय, फक्त ते उदाहरण आहे हे माहीत नव्हतं. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मीराबाई चानूने रौप्यपदक घेतलं. मणिपूरच्या खेड्यातली मुलगी, लहानपणी डोंगरातून सरपणाचे भारे वाहायची. तिच्या गळ्यातली ती चांदी जुन्या मोबाइल, कॅमेरे आणि संगणकांतून काढलेली होती. सिंधूचं कांस्य तसंच, नीरज चोप्राच्या पदकावरचं सोनंही तसंच. जपानने एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ अशी दोन वर्षं देशभर पेट्या ठेवून लोकांकडून जुन्या वस्तू मागितल्या. सुमारे ७९ हजार टन छोटी यंत्रं जमली, त्याशिवाय मोबाइल वेगळे मोजले ते ६२ लाखांच्या वर. त्यातून निघालं ३२ किलो सोनं, साडेतीन हजार किलो चांदी आणि २२०० किलो कांस्याचा माल. सुमारे पाच हजार पदकं त्यात झाली. नवीन खाण खणावी लागली नाही. हे काम तव्यावर झालं नाही. बंद भट्ट्या, धूर गाळणारी यंत्रं, तेजाब पुन्हा पुन्हा वापरायची सोय, अशा कारखान्यांत झालं.

कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण २००१ साली बंद पडली. मैलाहून जास्त खोल जाऊन काढलेल्या एक टन दगडात शेवटी शेवटी चार-दोन ग्रॅम सोनं मिळत होतं, खर्च निघेना. एक टन जुन्या मोबाइलमध्ये त्याच्या कितीतरी पट, अडीचशे-तीनशे ग्रॅमपर्यंत सोनं असतं. एक टन म्हणजे हजारो मोबाइल, हेही लक्षात घ्या. काकूंच्या कपाटातल्या दोन मोबाइलमधून नथ होणार नाही. कोणी घरी तेजाब घालून सोनं काढून दाखवतो म्हणाला तर त्याला दारात उभं करू नका.

सगळ्या जगाचा हिशोब मात्र जपानसारखा नाही. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन असा कचरा झाला. त्यातला नीट गोळा करून पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे फक्त शंभरातल्या बावीस-तेवीस टक्क्यांची. बाकीचा खड्ड्यात, चुलीवर, किंवा आपल्यासारख्यांच्या गोठ्यात. त्यातल्या त्यात गोठा बरा, असं आता आमचं मत आहे!

आपल्याकडचा कायदाही सांगायला हवा, कारण ग्रामसभेत तोच कामाला येतो. असल्या कचऱ्यासाठी वेगळे नियम २०११ साली झाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. त्यात पहिल्यांदा असं म्हटलं की ज्या कंपनीने वस्तू बनवली तिनेच ती मेल्यावर तिची सोय लावायची. २०१६ ला नियम बदलले, २०२२ ला पुन्हा बदलले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून चालू आहेत. आधी २१ प्रकारच्या वस्तू यात होत्या, आता १०६ आहेत. फ्रिज, वॉशिंग मशीन तर आहेतच, सौर पॅनलसुद्धा आहे. बॅटऱ्यांचे नियम २०२२ पासून वेगळे आहेत. गावात सौर दिवे बसवताना फीत कापायला सगळे असतात. त्यातली बॅटरी मेल्यावर ती कोणी न्यायची, हे त्याच दिवशी विचारायला हवं होतं. आम्ही विचारलं नाही. आमच्या चौकातल्या दिव्याची बॅटरी कुठे गेली हे आज कोणालाच सांगता येत नाही.

कायदा कागदावर चांगला आहे. अडचण ही की कंपनीचं गोळा करायचं केंद्र जिल्ह्याच्या गावाला, आणि आपण चाळीस किलोमीटरवर. मधला माणूस म्हणजे भंगारवाला. त्याला वाईट म्हणून चालणार नाही, दारापर्यंत येणारा तोच एक आहे. याबाबतीत पुण्याच्या कचरावेचक बायकांकडून शिकण्यासारखं आहे. १९९३ साली त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना बांधली. डॉ. बाबा आढाव पाठीशी होते, एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्या होत्या. कचरा वेचणं हे काम आहे, आम्ही कामगार आहोत, ओळखपत्र द्या, हे त्यांनी भांडून मिळवलं. पुढे त्यातूनच स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, दारोदार कचरा गोळा करायचं काम महापालिकेने तिच्याकडे दिलं. जुनी इलेक्ट्रॉनिक यंत्रंही ती गोळा करून पुढे पाठवते. ज्या बाया उकिरड्यावर वाकून वेचत होत्या त्या हिशोबाच्या वह्या लिहू लागल्या. आपणही बचत गट आहोत, वह्या तर आपल्याला लिहिता येतातच.

आता आमच्या गावचं काय झालं ते सांगतो. पुढच्या ग्रामसभेत आम्ही खड्ड्याला नाही म्हटलं नाही. ओल्या कचऱ्याचा खड्डा हवाच, पण गायरानाच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून लांब, आणि त्यात वायरची, बॅटरीची, पारा असलेल्या ट्यूबलाइटची एकही वस्तू नको, असं लिहून घेतलं. थोडी वादावादी झाली. एका दादांनी विचारलं, "मग ते ठेवायचं कुठे, तुमच्या घरात?" आम्ही म्हटलं, गटाच्या खोलीत. बोलून बसलो खरं.

खोलीत सतरंजीच्या मागे आता ही जागा केली आहे. मोठी वस्तू फोडायची नाही, टीव्हीची काच तर मुळीच नाही, जशी आली तशी ठेवायची. मोबाइल द्यायच्या आधी सिम आणि कार्ड काढायचं, फोटो असतील ते उतरवून घ्यायचे आणि मोबाइल पुसून द्यायचा. बॅटरी फुगलेली असेल तर वेगळी, वाळूच्या डब्यात. ट्यूबलाइट आणि सीएफएल कागदात गुंडाळून उभी. ज्याची वस्तू त्याचं नाव वहीत, कारण पैसे आले तर त्याचे त्यालाच मिळाले पाहिजेत. वायरी सोलायचं काम त्या दोघी करतात, अंगणात, चाकूने. शाळेमागे गेल्या पंधरा दिवसांत धूर दिसला नाही.

परवा मोजलं. डबा टीव्ही अकरा, मोबाइल त्रेपन्न, मिक्सरची यंत्रं नऊ, एक फ्रिज, चार्जरांचं एक पोतं. काकूंचा टीव्ही पहिला आला, कोंबड्यांची विष्ठा धुऊन. जिल्ह्याच्या गावी एक नोंदणी असलेलं केंद्र आहे. डबा टीव्हीला पैसे देणार नाही, पण ठेवून घेऊ म्हणतात. मोबाइल आणि मिक्सरचे काही देतील. टेम्पोवाला अठराशे रुपये मागतो. शेजारच्या दोन गावांच्या गटांनी आपला माल घातला तर भाडं वाटून घेता येईल, म्हणून त्यांना निरोप पाठवलाय. हे ऐकणाऱ्यांत त्या गावच्या कोणी असाल तर मंगळवारच्या बाजारी आमच्या खोलीवर या, वजनकाटा आम्ही मागून ठेवतो.